विहीणबाई जेवत नाहीत

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता: विहीणबाई जेवल्या का? मुलगा ऑफिसातून मेसेज करायचा, "मा जेवली?" नात शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "डिड शी ईट?" सून मात्र कुणालाच विचारायची नाही. कामावरून आली की सरळ कचऱ्याच्या डब्यात डोकवायची. वाटीतलं किती त्यात गेलंय ते बघून तिला उत्तर कळायचं.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली बाई. उमेदीची सगळी वर्षं तिनं आणि नवऱ्यानं डेट्रॉइटजवळच्या एका गावात छोटी खानावळ चालवण्यात घालवली. नवरा आधीच गेला. मग पानगळ संपता संपता विहीणबाईंना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. इंग्रजी गेलं, शाळेत शिकलेली मोठी चिनी भाषा गेली आणि उरली ती खेड्यातली बोली, तीही तुटक. ही बोली घरात फक्त नवऱ्याला येत होती. मुलीला मुद्दामच शिकवली नव्हती. ती बोलली तर पोरगी खेडवळ ठरेल, अशी आमच्या व्याह्यांची समजूत. त्यामुळे आता आई बोलत होती आणि लेकीला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. हॉस्पिटलनं फोनवर एक दुभाषी दिली, ती पलीकडच्या खोऱ्यातली, वेगळ्या बोलीची निघाली, तिला "घर" आणि "नको" एवढंच लागलं. न्यूयॉर्कला विहीणबाईंचा एक म्हातारा मामेभाऊ होता, त्याला व्हिडिओवर आणलं. तो ठार बहिरा. दोघंही एकमेकांकडे बघून माना हलवत राहिले आणि आम्ही चहा प्यायलो.

आमचे हे गेल्यापासून मी ॲन आर्बरला मुलाकडेच राहते; तिथं त्यांना आणलं तेव्हापासून त्यांचं खाणं आटत गेलं. आधी अर्धी वाटी, मग पाव, मग तोंड घट्ट मिटून मान भिंतीकडे. गिळायला त्रास होता, पण तेवढंच नव्हतं. गिळता येत होतं तेव्हाही त्या नको म्हणत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कारण काहीही असो, वजन उतरतंय, तोंडानं पुरेसं जात नसेल तर पोटातून नळी घालावी लागेल. सुनेनं त्यांच्याकडून मुदत मागून घेतली. "आमचं नवं वर्ष होऊ द्या," म्हणाली. "त्या दिवशी ती जेवेल. त्या दिवशी सगळे जेवतात."

मग गाडीत माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, यू आर अ डॉक्टर. जेवेल ना?"

मी डॉक्टर खरी, पण भूल देणारी. आयुष्यभर लोकांना झोपवण्याचे पैसे घेतले. (आमचे हे म्हणायचे, घरात हे काम तू नुसतं बोलूनच करतेस.) माणूस झोपला की बोलत नाही, भांडत नाही, नको म्हणत नाही, म्हणून मला तो विषय आवडायचा. जागं, नको म्हणणारं माणूस समोर आलं की काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सुनेला म्हटलं, "बघू या." डॉक्टर बघू या म्हणतात तेव्हा त्यांना काही दिसत नसतं.

विहीणबाईंची आणि माझी ओळख लग्नात झाली. त्या वेळची मी आठवले की आता मला हसूच येतं. वय साठीला टेकलेलं, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. पण मी पडले वरमाय! कोल्हापूर सोडून चाळीसेक वर्षं झाली होती, घरात गणपतीशिवाय कुठलाही सण वेळेवर होत नव्हता, ऑपरेशन थिएटरात अवस-पुनव काढणाऱ्यांना मी फाडून खायची. आणि मुलाचं लग्न ठरल्याबरोबर माझ्या अंगात कुठून कोण जाणे, पन्नास सालची सासू शिरली. पैठणी नेसले, नाकात नथ घातली, आणि मानपानाची वाट बघत खुर्चीत बसले. विहीणबाईंनी मला खोकंभर संत्री दिली. संत्री! मी आमच्या ह्यांच्या कानात म्हटलं, "मी काय आजारी आहे?" मग त्यांच्याकडचा चहाचा विधी झाला. नवरानवरी गुडघ्यावर बसून दोन्हीकडच्या आईबापांना चहाचा पेला देतात, त्यानं नातं पक्कं होतं. हॉलमध्ये चिडीचूप शांतता. मी एक घोट घेतला आणि साखर मागितली.

विहीणबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. मला वाटलं, मला हसल्या. हसल्याच असणार, मीही आता हसते.

पुढं आमचं जे काही जमलं ते जेवणाच्या टेबलावरच. त्यांचं इंग्रजी खानावळीपुरतं, माझं चिनी शून्य. त्या आपल्या काड्यांनी माझ्या वाटीत मासा टाकायच्या. मी पहिल्यांदा उष्टं म्हणून दचकले, नंतर जंतुसंसर्गावर छोटंसं भाषण दिलं, त्यांनी ते मान डोलावून ऐकून घेतलं आणि आणखी एक तुकडा टाकला. मग मीही पेटले. त्या आमच्याकडे आल्या की मी डाव घेऊन त्यांच्या मागे उभी. आग्रह कसा करतात ते कोल्हापुरानं शिकवावं. त्या "डॉक्टर, नो, डॉक्टर, नो" म्हणत हातानं ताट झाकायच्या आणि मी बोटांमधल्या फटीतून पांढरा रस्सा ओतायची.

एका बाबतीत मात्र माझा त्यांच्यावर दात होता. चिनी वर्षाची शेवटची संध्याकाळ म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा दिवस. माणूस जगात कुठंही असो, त्या संध्याकाळी घर गाठतो. सगळ्यांनी एका टेबलावर बसून जेवायचं. सून हे जेवण दर वर्षी मनापासून करायची. आम्हा दोघांना बोलावणं असायचं, तिच्या आईवडलांनाही असायचं. आम्ही जायचो, ते कधीच यायचे नाहीत. एकदाही नाही.

"शिष्ट आहेत," मी म्हणायची.

"अगं, खानावळ असेल चालू," हे म्हणायचे.

"मुलीच्या घरी यायला वेळ नाही? त्यापेक्षा सरळ सांगा ना, मराठी सासू नको टेबलावर!"

दोन दिवसांनी सून, मुलगा, नात त्यांच्याकडे जाऊन जेवून यायचे, माझ्यासाठी डबा यायचा, तो मी नाक मुरडत पूर्ण संपवायची. पण का येत नाहीत, हे सुनेला मी कधी विचारलं नाही. मला ठाऊकच होतं ना! साठीतल्या मला सगळं ठाऊक असायचं. सत्तरीनंतर ठाऊक असलेल्या गोष्टी कमी कमी होत गेल्या, गुडघ्यांतल्या वंगणासारख्या.

तर त्या वर्षी विहीणबाई पहिल्यांदाच शेवटच्या संध्याकाळी आमच्यात होत्या. सुनेनं कामावरून रजा काढली. आदल्या दिवशी घर झाडलं, कारण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढला तर आलेलं नशीब केरात जातं. दारावर लाल कागद लावले. बाहेर गुडघाभर बर्फ, पाचलाच काळोख. मी माझ्या फोनमधलं पंचांग बघितलं तर अवस! सुनेला म्हटलं, "आमचं लक्ष्मीपूजनही अवसेलाच." ती म्हणाली, "गुड, डबल लक," आणि पुन्हा माशाकडे वळली.

मासा अख्खा वाफवायचा असतो, डोक्याशेपटीसकट, आणि थोडा उरवायचा, म्हणजे पुढच्या वर्षीही घरात उरेल. पण विहीणबाईंना अख्खं काही चालत नव्हतं. त्यांना सगळं मिक्सरमधून काढलेलं, वर दाट करायची पावडर घातलेलं. सुनेनं त्यांच्या वाट्याचा मासा काटे काढून वाटला, ती करडी लापशी बशीत घेतली आणि चमच्याच्या मागच्या बाजूनं थापून थापून तिला माशाचा आकार दिला. शेपटी काढली, सुरीच्या टोकानं खवले काढले. नातीनं एक वाटाणा आणून डोळ्याच्या जागी बसवला. मग तिच्या आईनं तो काढून टाकला, कारण वाटाणा घशात अडकेल. मासा आंधळा झाला. तिघी त्याच्याकडे बघत उभ्या होतो.

"लुक्स लाइक अ पोटॅटो," नात म्हणाली.

"गप ग," मी म्हटलं. पण दिसत होता तसाच.

टेबलाची मानाची जागा म्हणजे दाराकडे तोंड असलेली. तिथं सुनेनं आईची चाकाची खुर्ची लावली. गळ्यात रुमाल बांधला. एका बाजूला मुलगा, एका बाजूला नात, सून आईच्या डाव्या हाताशी चमचा घेऊन. आणि मी? मी उभी. आमच्याकडे लग्नात विहिणीची पंगत असते, तिच्यात मान मुलाच्या आईचा, वाढायचं मुलीकडच्यांनी. मी म्हटलं, आपण मोठ्या मनाच्या, आज पंगत उलटी करू. आज मी वाढणार, विहीणबाई बसणार. डाव घेतला, कमरेला पदर खोचावा तसा ॲप्रन खोचला.

विहीणबाई डावा हात उचलून काहीतरी म्हणाल्या. हात माझ्या दिशेनं.

"त्यांना सूप हवंय," मी म्हटलं आणि सूप वाढलं. त्यांनी मान हलवली. मी वाटलेली भाजी वाढली. पुन्हा हात, पुन्हा तेच शब्द, जरा जोरात. मी टोफू आणला. सुनेनं चमचा ओठांशी नेला, ओठ मिटले. हात मात्र माझ्याकडेच. मी स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत, टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत, फ्रिजमधलं लोणचंसुद्धा दाखवून झालं. त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताची मूठ त्यांनी टेबलावर आपटली, चमचा उडून खाली पडला. नात रडायच्या बेतात.

"आई, तू बस बरं आधी," मुलगा म्हणाला. "तुझ्या फेऱ्या बघून मलाच गरगरतंय."

"मी बसले तर वाढणार कोण? तू?"

"मा, प्लीज," सून आईला म्हणत होती. चिनीत, मग इंग्रजीत, मग नुसतंच "मा, मा." मग तिनं चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "चूक माझीच. शी नेव्हर केम फॉर दिस डिनर. तिला इथं बसवायलाच नको होतं."

"का येत नव्हत्या ग?" इतक्या वर्षांनी मी विचारलं.

"कारण हे याच्या घरचं जेवण आहे." तिनं माझ्या मुलाकडे बोट दाखवलं. "शेवटच्या संध्याकाळी लग्न झालेली मुलगी सासरच्या टेबलावर. तिच्या आईबापांचं इथं काम नाही. मुलीनं माहेरी यायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. मी किती सांगायची, मा, ही अमेरिका आहे, ये. ती म्हणायची, तुझी सासू टेबलाची मोठी, मी तिथं बसून काय करू?"

मला माझे वडील आठवले. थोरल्या बहिणीकडे जाताना ते पाण्याचा तांब्या बरोबर न्यायचे, कारण मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मी डॉक्टरकीला होते तेव्हा. हसून हसून लोळायची मी त्यांच्या तांब्याला. आणि इथं समोर एक बाई मुलीच्या सासरच्या टेबलावर, मानाच्या जागेवर, लुळी बसलेली, आणि जिची ती जागा ती सासू मोलकरणीसारखी डाव घेऊन उभी! त्यांना सूप नको होतं. मी बसायला हवी होते. चिनी रीत आणि कोल्हापुरी रीत दोन्ही एकच सांगत होत्या, मुलाच्या आईला आधी बसवा. मोठं मन करून मीच दोन्ही उलट्या केल्या होत्या.

"खुर्ची हलव त्यांची," मी मुलाला म्हटलं. "तिथं मी बसते."

"आता तुला मान हवाय?"

"हलव म्हणते ना."

त्यानं चाकांचा ब्रेक काढून विहीणबाईंना बाजूला घेतलं. मी डाव ठेवला, ॲप्रन काढला आणि दाराकडे तोंड करून बसले. त्यांचा हात खाली आला. मूठ सैल झाली. त्या माझ्या वाटीकडे बघत राहिल्या. मला काड्या धरता येत नाहीत, मी बोटांनी माशाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

विहीणबाईंनी तोंड उघडलं.

सुनेनं घाईघाईनं चमचा पुढं केला, त्यातलं अर्धं रुमालावर सांडलं. उरलेलं आत गेलं. त्या आंधळ्या माशाची शेपटी. त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवलं, मग गळ्याची हालचाल दिसली. गिळलं. दुसरा चमचा, तोही गेला. सून हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आई! शी एट! आई, तुम्ही बसलात म्हणून जेवली!" मुलानं नातीच्या हातावर टाळी दिली. तिसऱ्या चमच्याला विहीणबाईंना खोकला आला. ओला, आतून येणारा. तो मी ओळखते. घास भलत्या नळीत उतरला की असा येतो. मग त्यांनी तोंड मिटलं आणि डोळेही मिटले.

दोन चमचे. त्यावर चिमणीही जगत नाही. पण सगळे माझ्याकडे असे बघत होते की मीही हसले, टाळी दिली, आणि पुढं काय ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, मला पुन्हा सिंहासनावर बसवण्यात आलं. सुनेनं आयुष्य लांबावं म्हणून लांब, न तुटलेल्या शेवया केल्या, आईसाठी वाटलेल्या. मी दाराकडे तोंड करून बसले, आधी खाल्लं. सगळ्यांचे डोळे विहीणबाईंवर. त्यांनी ओठ हलवले नाहीत. मुलगा म्हणाला, जागा बदलून बघू. बदलल्या. नात म्हणाली, आजीनं काल निळा स्वेटर घातला होता. मी जाऊन निळा स्वेटर घालून आले. भूल देताना यंत्रावरचे आकडे एकेक करून तपासायची सवय, तशी आम्ही कालची संध्याकाळ तपासत होतो. कुठला खटका काल लागला होता? दुपारी पुन्हा बसलो. संध्याकाळी पुन्हा. एकदा त्यांनी जीभ लावली. बस्स.

मुलानं हळूच विचारलं, "डॉक्टरांना फोन करू या का?"

"आज नाही," सून ताडकन म्हणाली. "पहिल्या दिवशी डॉक्टरचं नाव काढत नाहीत. वर्षभर आजारपण लागतं."

ही मुलगी अमेरिकेत वाढलेली, रोज प्रयोगशाळेत पेशी मोजते. मी तिच्याकडे बघितलं. माझ्या तरुणपणी कुणी असं काही बोललं असतं तर मी त्याच्यासमोरच फोन लावला असता, वर तारीख अवसेची मागितली असती. आता मी म्हटलं, "बरोबर आहे. आज नकोच." एक दिवस तर एक दिवस.

आणि मग सूनच म्हणाली, "उद्या दुसरा दिवस. उद्या मुली माहेरी जातात. उद्या आपण तिच्या घरी जाऊ."

खानावळ विकून झाली होती, पण तिच्यामागचं छोटं घर अजून विहीणबाईंच्याच नावावर होतं. पाइप गोठू नयेत इतपत हीटर चालू ठेवलेला. सुनेचा हिशेब असा: इथं मा पाहुणी आहे, अवघडते. तिथं टेबल तिचं, घर तिचं, मुलगी रीतसर माहेरी आलेली. तिथं अवघडायला काही उरत नाही. तिथं ती जेवेल. तिच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की मी मान डोलावली. आपण कितीही शिकलो तरी शेवटी सगळे नवसच बोलतो, कुणी देवाला, कुणी टेबलाला.

माहेरी जायचं म्हणून निघालो आणि माहेर मागच्या सीटवर रुमाल बांधून बसलेलं. मुलानं सासूला उचलून पायऱ्या चढवल्या, बर्फात त्याचा पाय सरकला, मी आणि नात एकदम किंचाळलो. घरात गार आणि बंद वास. सुनेनं दिवे लावले, शेगडी पेटवली. आणि खरोखरच विहीणबाई बदलल्या. मान ताठ झाली. डोळे शेगडीवर, कपाटावर, खिडकीतल्या वाळलेल्या रोपावर फिरले. त्या बोलायला लागल्या, बऱ्याच. सून भांडी काढता काढता मागे वळून हसत हो हो म्हणत होती.

बसलो. त्यांची जागा शेगडीच्या जवळची, खुर्ची तिथंच लावली. टेबलावर घरून आणलेल्या शेवयांचा वाडगा, शेजारी आईसाठी वाटलेल्या. सुनेनं चमचा भरला.

विहीणबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. डाव्या हातात धरला, वाडग्यात घातला, शेवया उचलल्या, आणि अर्ध्या टेबलावर सांडत लेकीच्या वाटीत टाकल्या. मग जावयाच्या. मग नातीच्या. प्रत्येक वेळी बराच वेळ लागत होता. मग माझ्या. माझ्या वाटीत जरा जास्तच.

"थँक यू, मा," सून म्हणाली. "आता तू." तिनं दुसरा चमचा भरून पुढं केला. विहीणबाईंनी तिचं मनगट धरलं आणि चमचा तिच्याच तोंडाकडे वळवला. सुनेनं पुन्हा पुढं केला. त्यांनी पुन्हा वळवला. डाव्या हातात जोर केवढा! शेवटी सुनेनं तो घास खाल्ला. वाटलेला, बेचव, आजाऱ्याचा घास. विहीणबाईंनी समाधानानं मान हलवली आणि आणखी एक दाखवला.

घर तिचं होतं ना. घरच्या बाईनं आधी पाहुण्यांना वाढायचं आणि स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायचं. माझ्या सगळ्या मावश्या, काकवा, आत्या अशाच जेवल्या, कुणालाही मी वेळेवर जेवताना पाहिलं नाही. आमच्या घरी पाहुणी म्हणून खाईना, इथं यजमानीण म्हणून खाईना. प्रत्येक वेळी आम्हाला अर्थ सापडत होता आणि अर्थानं पोट भरत नव्हतं. किंवा त्यात अर्थही नसेल. मेंदूचा तेवढा भाग मेला असेल आणि उरलेल्याला भूक कळत नसेल. माझी डॉक्टरकी हेच सांगत होती. मी तिला म्हटलं, तू गप बस.

एकदम विहीणबाई लेकीकडे बघून एक लांबलचक वाक्य बोलल्या. सावकाश, शब्द जुळवून, झटका आल्यापासूनचं सगळ्यात लांब. बोलून झाल्यावर उत्तराची वाट बघत थांबल्या.

"आय नो, मा," सून म्हणाली. "आय नो."

"व्हॉट डिड शी से?" नातीनं विचारलं.

"आय डोन्ट नो."

सिंकपाशी भांडी विसळताना सून मला म्हणाली, "आई, नळी घातली तरी ती टेबलावर बसू शकेल ना?"

"शकेल."

"आणि थोडंसं, चवीपुरतं, तोंडानं?"

"कदाचित. थोडंसं."

"तुमची आई असती तर काय केलं असतं?"

माझी आई कोल्हापुरात गेली. मी मिशिगनमध्ये ड्यूटीवर होते; सगळं ठरवलं ते भावानं, मला कळवलं नंतर. मला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि आज कळत होतं की ती किती मोठी सूट होती. "मला माहीत नाही ग," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

ती माझ्यावर रागावेल असं वाटलं. तिनं नुसता माझ्या हातातला ओला वाडगा घेतला आणि पुसला. म्हणाली, "उद्या फोन करते."

केला. तारीख मिळाली. नळी घालायच्या आदल्या दुपारी हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला, सुनेनं तो स्पीकरवर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून. नर्स गोड आवाजाची, तरुण. औषधं विचारली, ॲलर्जी विचारली. मग तिनं ते वाक्य म्हटलं, जे मी माझ्या सगळ्या नोकरीत रोज सकाळी कुणाला ना कुणाला बजावलं होतं: "मध्यरात्रीनंतर पेशंटला काहीही खायला देऊ नका. हे फार महत्त्वाचं आहे. आईंनी कितीही मागितलं तरी."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तिनं ओठ दाबून धरले, पण नाकातून आवाज निघालाच. मलाही आवरेना. "हॅलो?" नर्स म्हणत होती. "यू देअर? कितीही मागितलं तरी, ओके?" सुनेनं ओट्यावर डोकं टेकलं आणि खांदे हलवत हसत सुटली. मी कसंबसं म्हटलं, "येस, येस, वी अंडरस्टँड," आणि फोन ठेवला. तिचं हसणं कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते पाठ माझ्याकडे असल्यानं कळलं नाही. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

खिडकीपाशी बसलेल्या विहीणबाई आमच्याकडे टक लावून बघत होत्या. घरात दोन बायका एवढ्या हसतायत म्हणजे काहीतरी मजेचं झालं असणार, ते आपल्यालाही कळलं पाहिजे. त्यांनी भुवया उंचावल्या आणि काहीतरी विचारलं. कुणी उत्तर देईना तसं पुन्हा विचारलं. सुनेनं डोळे पुसले, जाऊन त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली, आईचा डावा हात धरला आणि जी भाषा येत होती तिच्यात सगळं सांगायला लागली.